गिअरबॉक्स आणि हाउसिंग: दोन्हींत एकच सिंथेटिक ऑइल चालेल का?

रावेर तालुक्यातल्या एका मालक-चालकाचा प्रश्न आहे. दीड टनी डिझेल पिकअप, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. सावद्याहून केळी भरायची आणि कधी धुळे-साक्रीमार्गे कोंडाईबारी घाटातून सुरतेला, कधी चाळीसगावहून कन्नड घाट चढून संभाजीनगरला जायचं. हल्ली सकाळी दुसरा गिअर अडतो आणि साठच्या पुढे गेल्यावर मागून हूऽऽ असा आवाज येतो. दुकानदार म्हणतो, फुल सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० जीएल-५ घ्या, गिअरबॉक्स आणि हाउसिंग (मागच्या एक्सलमधली डिफरन्शियलची पेटी) दोन्हींत तेच टाका. मिस्त्री म्हणतो, सिंथेटिकच्या नादी लागू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्याला १४० नंबरचं जाड ऑइलच लागतं. कोणाचं ऐकायचं?

भाऊ, दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण सिंथेटिक की साधं, हा तुमच्यापुढचा पहिला प्रश्नच नाही. गिअरबॉक्स आणि हाउसिंग या दोन वेगळ्या जागा आहेत, त्यांची कामं वेगळी आहेत आणि बहुतेक पिकअपमध्ये त्यांना ऑइलही वेगळं लागतं. आधी कुठल्या जागी कुठल्या जातीचं ऑइल हे ठरवा, मग किती जाड ते बघा, आणि सगळ्यात शेवटी सिंथेटिकचा विचार करा. माझं रोजचं काम गिअरबॉक्स आणि हाउसिंग उघडण्याचं आहे. महागडं ऑइल टाकूनही खराब झालेले जॉब माझ्या टेबलावर येतात, आणि साधंच पण योग्य ऑइल वेळेवर बदलून वर्षानुवर्षं धावलेले क्राऊन-पिनियनही (हाउसिंगमधली दातेरी चक्रांची जोडी) येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या गाडीचं मॉडेल आणि साल यावर बरंच अवलंबून आहे. काही गिअरबॉक्सना कंपनीच जीएल-५ सांगते, कारण त्यांच्या सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) पितळी नसतात किंवा त्यांवर वेगळं अस्तर असतं. काहींना ७५डब्ल्यू-८० इतकं पातळ ऑइल लागतं, काहींना ८०डब्ल्यू-९०. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेतलं लुब्रिकंटचं पान आधी उघडा. पुस्तिका हरवली असेल तर चासी नंबर सांगून सर्व्हिस सेंटरमधून ग्रेड लिहून घ्या. खाली मी जे सांगतोय ते आपल्याकडच्या नेहमीच्या मागचा एक्सल चालणाऱ्या, पितळी सिंक्रोच्या पिकअपला धरून आहे.

आता जीएल-४ आणि जीएल-५ बघू. दुकानदार समजावतात, पाच म्हणजे चारपेक्षा भारी. तसं नाही. हे आकडे ऑइलच्या दर्जाचे नाहीत, कामाचे आहेत. हाउसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियन हायपॉइड पद्धतीने बसवलेले असतात, म्हणजे पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याच्या खाली असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली लांबवर घसरत जातात. चढावर, भरल्या गाडीत, त्या ठिकाणी ऑइलचा थर फाटतो आणि लोखंडाला लोखंड लागायची वेळ येते. तेव्हा जीएल-५ मधली गंधक आणि फॉस्फरसची रसायनं कामाला लागतात. दातांच्या गरम टोकांवर ती धातूशी क्रिया करून एक पातळ पापुद्रा तयार करतात. तो पापुद्रा झिजतो, पुन्हा तयार होतो आणि दात वाचतात. या रसायनांचं प्रमाण जीएल-५ मध्ये जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतं. हाउसिंगमध्ये जीएल-४ टाकलं, मग ते कितीही महाग सिंथेटिक असो, तर घाटात क्राऊन-पिनियनच्या दातांवर चरे पडायला लागतात.

गिअरबॉक्सचं उलट आहे. तिथले तिरके दात एकमेकांवर बहुतांशी लोळतात, त्यांना एवढ्या रसायनांची गरज नसते. पण तिथे सिंक्रो रिंग असते. तिचं काम गिअर पडण्याआधी घासून दोन भागांचा वेग सारखा करण्याचं. म्हणजे त्या जागी घर्षण हवं असतं. जीएल-५ ची रसायनं ते घर्षण कमी करतात, रिंग गिअरच्या कोनवर (निमुळत्या भागावर) पकडत नाही, आणि घाईत गिअर टाकला की कर्रकन आवाज येतो. शिवाय काही जीएल-५ ऑइलमधलं क्रियाशील गंधक गरम झाल्यावर पितळ खातं. हे एका दिवसात होत नाही, महिनोन्‌महिने चालतं, म्हणून कोणी त्याचा संबंध ऑइलशी जोडत नाही. गिअरबॉक्सचं काढलेलं ऑइल उन्हात धरलं आणि त्यात बारीक सोनेरी चमक दिसली, तर ते रिंगांचं पितळ आहे.

बाजारात ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेली ऑइलंही मिळतात. त्यांतली काही खरंच पितळाला सुरक्षित असतात. घ्यायचंच झालं तर त्या ऑइलची डेटाशीट मोबाईलवर काढा आणि कॉपर स्ट्रिप चाचणीचा (गरम ऑइलमध्ये तांब्याची पट्टी किती काळवंडते त्याचा) आकडा बघा. १ए किंवा १बी असेल तर तांब्या-पितळाला त्रास कमी. तो आकडा लिहिलेलाच नसेल तर गिअरबॉक्ससाठी मी ते ऑइल घेत नाही. आणि आकडा चांगला असला तरी घर्षणाचा मुद्दा उरतोच, म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिलेलं असेल तर सरळ जीएल-४ घ्यावं, एवढंच मी सांगेन.

म्हणजे दुकानदाराचा सल्ला हाउसिंगपुरता बरोबर आणि गिअरबॉक्सपुरता धोक्याचा.

आता मिस्त्रींचं १४० नंबर. त्यांचं म्हणणं कुठून येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असतो, रस्ता त्याहून तापलेला, त्यावर गाडी भरलेली. अशा वेळी पातळ ऑइल टिकणार नाही ही भीती साहजिक आहे. शिवाय जाड ऑइल टाकलं की हाउसिंगचा आवाज खरोखर कमी येतो. पण आवाज कमी होणं आणि झीज थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिजलेल्या दातांमधली फट जाड ऑइलने भरते, म्हणून आवाज दबतो. पिनियनच्या बेअरिंगला ऑइल पोहोचतं ते क्राऊन फिरताना वर फेकतो त्यातून, अरुंद वाटेने. ते फार जाड असलं की सकाळी पहिले काही किलोमीटर त्या बेअरिंगला कमी पोहोचतं. आणि जाड ऑइल घुसळण्यात ताकद जाते, ती उष्णता होऊन त्याच ऑइलला तापवते. डिझेल थोडं जास्त जातं ते वेगळंच.

तरीही मी १४० ला सरसकट नाही म्हणत नाही. काही कंपन्या जास्त लोडसाठी हाउसिंगमध्ये ८५डब्ल्यू-१४० ची परवानगी देतात. तुमच्या पुस्तिकेत ती असेल आणि गाडी बाराही महिने क्षमतेइतकी भरून घाटात चालत असेल, तर ते योग्यच आहे. पुस्तिकेत फक्त ९० असेल, तर आवाज दाबायला म्हणून १४० टाकू नका. गिअरबॉक्समध्ये तर ते अजिबात नको.

हे आकडे वाचताना एक गोंधळ नेहमी होतो. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे या दोन निरनिराळ्या मोजपट्ट्या आहेत. गिअर ऑइलचं ९० म्हणजे १०० अंश सेल्सियसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (ऑइलच्या जाडीचं माप). इंजिन ऑइलचं ४० आणि ५० हे दोन्ही मिळून साधारण त्याच पट्ट्यात येतात. म्हणजे ‘नव्वद’ हे ‘चाळीस’च्या दुप्पट जाड नसतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा फक्त थंडीतलं वागणं सांगतो. ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंशाला लागते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. आपल्याकडे तशी थंडी पडतच नाही, त्यामुळे केवळ ‘७५’ दिसतंय म्हणून जादा पैसे मोजायचं कारण नाही.

मग सिंथेटिकचा आपल्याला उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे. फक्त तो जाहिरातीत दाखवतात तिथे नाही. लोकांना वाटतं, उन्हाळ्यात सिंथेटिक पातळ होत नाही. पातळ तेही होतं. साधं ८०डब्ल्यू-९० आणि सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० हे १०० अंशाला जवळपास सारखेच असतात. हाउसिंग १३० अंशापर्यंत तापली तर सिंथेटिक साधारण दहा टक्के जाड राहतं, त्याहून फार नाही. खरा फरक आहे तो ऑइल जळण्यात. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइलचं ऑक्सिडेशन साधारण दुप्पट वेगाने होतं, असा आमच्याकडचा ठोकताळा आहे. कन्नड घाटाचा चढ भरल्या गाडीने, दुपारच्या उन्हात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना हाउसिंगमधलं ऑइल भाजून निघतं. साधं ऑइल अशा महिन्यांमध्ये काळं पडतं, आंबट-जळका वास येतो, दातांवर आणि बेअरिंगवर चिकट वार्निशचा थर बसतो. चांगलं सिंथेटिक तीच उष्णता खूप जास्त काळ सोसतं. दुसरं म्हणजे ज्या स्वस्त मल्टिग्रेड ऑइलमध्ये जाडी टिकवायला पॉलिमर घातलेलं असतं, ते पॉलिमर दातांमध्ये चिरडून तुटतं आणि काही हजार किलोमीटरनंतर ९० चं ९० राहत नाही. पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन, रसायनांतून बनवलेलं मूळ तेल) बेसच्या सिंथेटिकला असं पॉलिमर कमी लागतं, म्हणून ते आपल्या ग्रेडला जास्त दिवस धरून राहतं.

इथे लेबलबद्दल सावध करतो. ‘सिंथेटिक’ हा शब्द डब्यावर असला म्हणजे आत पीएओच आहे असं नाही. खनिज तेलावर जास्त दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळणारं ग्रुप ३ बेस ऑइलही सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ते वाईट नाही, साध्यापेक्षा बरंच सरस आहे. पण त्याची किंमत पीएओइतकी नसावी. ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’ किंवा ‘सेमी सिंथेटिक’ असं लिहिलं असेल तर मिश्रण समजा आणि भाव त्या हिशेबाने करा.

तर पैसे कुठे घालायचे? साध्याच्या दुप्पट-तिप्पट भावाचं ऑइल दोन्हीकडे घ्यायला जमत नसेल तर आधी हाउसिंगमध्ये घाला. उष्णता, घसरण, लोड या सगळ्याचा मार तिथे सर्वांत जास्त बसतो. पुस्तिकेच्या ग्रेडचं जीएल-५ सिंथेटिक तिथे टाका. गिअरबॉक्समध्ये योग्य ग्रेडचं साधं जीएल-४ वेळेवर बदललं तरी चालतं. गाडी फक्त गावातल्या गावात, शेत ते मार्केट यार्ड अशी फिरत असती, तर मी दोन्हीकडे साधंच सांगितलं असतं.

आता तुमच्या दोन तक्रारी. दुसरा गिअर सकाळी अडतो म्हणता. तो पाच-सात किलोमीटर गेल्यावर नीट पडायला लागतो का, हे मला कळायला हवं. तसं असेल तर बहुधा आत गरजेपेक्षा जाड ऑइल आहे. थंड, जाड ऑइल रिंग आणि कोनमधून लवकर बाजूला सरत नाही. कदाचित मागच्या वेळी कोणीतरी गिअरबॉक्समध्येही १४० टाकलं असेल. पुस्तिकेच्या ग्रेडचं सिंथेटिक जीएल-४ टाकलंत तर हा त्रास बराच कमी होईल, कारण गार असताना ते साध्यापेक्षा पातळ असतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडी काढणाऱ्याला गिअरबॉक्समधल्या सिंथेटिकचा फायदा जाणवतो तो हाच. पण गाडी तापल्यावरही दुसरा कर्रकर्र करत असेल, तर क्लच पूर्ण सुटतोय का ते आधी बघा. क्लच ठीक असेल तर रिंग गेली, आणि गेलेली रिंग कुठल्याच ऑइलने परत येत नाही.

मागच्या आवाजाचंही तसंच. रिकाम्या सरळ रस्त्यावर साठ-पासष्टला गाडी धरा. रेझ दिल्यावर आवाज वाढतो की रेझ सोडल्यावर? रेझ दिल्यावरच येत असेल तर क्राऊन-पिनियनच्या दातांची बैठक बिघडल्याची शक्यता जास्त. रेझ सोडल्यावर येत असेल तर मी पिनियनच्या बेअरिंगचा ढिलेपणा आधी बघतो. हळूहळू डावी-उजवीकडे वळवताना आवाज बदलत असेल तर व्हील बेअरिंगवर संशय घ्या, हाउसिंगला हातच लावू नका. हे निदान सिंथेटिक टाकण्याआधी करा. सैल झालेल्या बेअरिंगवर महाग ऑइल ओतून काही साधत नाही, आणि बेअरिंग वेळेवर बदललं तर क्राऊन-पिनियनचा मोठा खर्च वाचतो.

आता ज्याच्याकडे आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, त्या ब्रीदरबद्दल सांगतो. हाउसिंगच्या वरच्या बाजूला एक छोटी टोपी किंवा नळी असते. आतली हवा तापून फुगते ती तिथून बाहेर जाते, गार झाली की आत येते. आपली काळी माती त्यावर बसते, वाळून घट्ट होते आणि ब्रीदर बंद पडतो. मग आतला दाब ऑइल सीलमधून वाट काढतो, पिनियनपाशी गळती सुरू होते. लोक सील बदलतात, पुन्हा गळतं, आणि दोष सीलला देतात. पावसाळ्यात याहून वाईट होतं. घाटातून तापून आलेली हाउसिंग नाल्याच्या थंड पाण्यात बुडाली की आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून पाणी आत ओढते. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं की समजायचं, पाणी गेलं. त्यानंतर ते ऑइल सिंथेटिक आहे आणि कालच टाकलंय, या कशालाच अर्थ नाही, ते काढलंच पाहिजे. म्हणून सिंथेटिक टाकलं की लाखभर किलोमीटर बघायला नको, असं कोणी सांगितलं तर ते आपल्या रस्त्यांना लागू नाही. पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळी मुदत दिलेली असते, तुमचा वापर त्यातलाच आहे. शिवाय दर पावसाळ्यानंतर लेव्हल प्लग उघडून बोट घालून रंग बघायचाच.

बदलताना एवढं पाळा. गाडी थोडी चालवून ऑइल गरम असताना काढा, गाळ त्याच्याबरोबर येतो. खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी वरचा भरण्याचा प्लग सुटतोय याची खात्री करा, नाहीतर सगळं ऑइल रिकामं झाल्यावर वरचा प्लग जाम निघतो आणि गाडी जागेवर अडकते. गाडी सपाटीवर उभी करून भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंतच भरा. जास्त भरलं की फेस होतो, दाब वाढतो, पुन्हा सीलवर येतं. साध्यावरून सिंथेटिकवर जाताना आत उरलेल्या थोड्या जुन्या ऑइलची भीती नाही, पीएओ खनिज तेलात मिसळतं. पण १ लाख ४० हजार झालेल्या गाडीत पिनियनची सील कडक झालेली असू शकते. जुना चिकट थर धुतला गेला की लपलेली गळती दिसायला लागते. सील आधीच पाझरत असेल तर त्याच कामात बदलून टाका.

जळगाव एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखान्यातून ड्रममधलं गिअर ऑइल स्वस्तात मिळतं, ते टाकू का, असंही बरेच जण विचारतात. व्हीजी २२० (कारखान्याच्या ऑइलचा जाडीचा नंबर) हाताला ९० इतकंच जाड लागतं, पण हायपॉइडला लागणारी रसायनं त्यात तेवढी नसतात. आणि त्यातलं काही पीएजी (पॉलिग्लायकॉल) बेसचं असतं, ते खनिज ऑइलमध्ये मिसळत नाही. अजिबात टाकू नका.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) विसरू नका. लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी (जास्त दाब सोसणारं), एनएलजीआय २ (घट्टपणाचा नंबर) ग्रीस, आणि चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची. गाडी धुतल्यानंतर पुन्हा एकदा. फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केसला काही गाड्यांत गिअर ऑइल लागतं, काहींत ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ ऑइल. ते अंदाजाने भरू नका.

थोडक्यात: हाउसिंगला पुस्तिकेच्या ग्रेडचं जीएल-५ सिंथेटिक, गिअरबॉक्सला जीएल-४ (पुस्तिका वेगळं सांगत नसेल तर), १४० फक्त परवानगी असेल तर आणि फक्त हाउसिंगला. त्याआधी ब्रीदर साफ करा आणि आवाजाचं निदान करा.

ड्रेन केल्यावर प्लगच्या मॅग्नेटवर काय चिकटलंय ते बघा. राखाडी, मलमासारखा बारीक लेप नेहमीचाच असतो. नखाला टोचणारे कण किंवा चकत्या निघाल्या तर नवीन ऑइल भरू नका, आधी हाउसिंग उघडून घ्या. मॅग्नेटचा आणि काढलेल्या ऑइलचा उजेडात काढलेला फोटो, आणि रेझ देताना व सोडताना आवाज कसा बदलतो ते कळवा, म्हणजे बेअरिंगवर भागेल की क्राऊन-पिनियनच बदलावं लागेल ते सांगता येईल.